ऐकून घेणारी माणसं

आमच्या केनवड गावात कोण पितो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सोयाबीन विकून हातात पैसा आला की कोणाची पावलं कुठे वळतील, कोणाच्या घरी किराणा उधारीवर आला, सगळं पारावर बोललं जातं. ज्याच्याबद्दल बोलतात तो मात्र बोलत नाही. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, असाच गप्प झाला होता. शपथा झाल्या, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून झाला, पंढरपूरची माळ घालून झाली. आषाढीला घातलेली माळ पोळ्याला उतरली.

मग कोणीतरी वहिनीला गोळ्या आणून दिल्या. न सांगता वरणात मिसळायच्या. हा उद्योग खेड्यापाड्यांत सर्रास चालतो आणि तो जिवावर बेतू शकतो. या गोळ्या बहुधा डायसल्फिरामच्या असतात. त्या पोटात असताना दारू प्यायली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. त्या घेणाऱ्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायच्या. वहिनीने पुडी डॉक्टरांना दाखवली, म्हणून आम्ही वाचलो.

त्याच डॉक्टरांनी दुसरी गोष्ट बजावली. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करायची नाही. हात थरथरतात, झोप उडते, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास सुरू होतात. गावात याला ‘सोडली अन् याड लागलं’ म्हणतात आणि पुन्हा बाटली हातात देतात. खरं तर ही दवाखान्यात भरती करायची वेळ असते. दादा आधी भरती झाला, त्याने बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, झोपेची औषधं घेतली. केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. जवळ उपचार कुठे मिळतील, ते तिथे विचारता येतं.

शरीरातली दारू उतरली तरी माणूस त्याच पारावर परत येतो. खरा प्रश्न तिथून पुढचा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथेही उपचार संपवून घरी गेलेल्यांना पाठपुराव्याच्या बैठकांनी धरून ठेवतात, दारू सोडल्याचा वाढदिवस साजरा करतात. पुणे आम्हाला लांब. आम्ही शोधला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, एएचा गट. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे उभं राहिलं.

एसटीने दीड-दोन तासांवरचं शहर. त्याचं नाव लिहीत नाही, अनामिक राहणं हा तिथल्या माणसांचा हक्क आहे. खुली सभा होती म्हणून मला आत बसता आलं, एरवी फक्त दारूच्या आहारी गेलेल्यांनाच प्रवेश. शाळेची खोली, बाकं, भिंतीवर बारा पायऱ्यांचा आणि बारा परंपरांचा फलक. येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवला जात होता. दादाने दारातच सांगून टाकलं, “मी काय बेवडा हाय का?” कोणी वाद घातला नाही. एकाने चहा पुढे केला, “बसा भाऊ, फक्त ऐका.”

सभा चालवणाऱ्याने वाचन केलं. मग एकेक जण उठला, पहिलं नाव सांगितलं, “मी अल्कोहोलिक आहे,” म्हणाला आणि स्वतःबद्दल बोलला. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, तुझं चुकलं म्हणत नाही. उपदेश गावात फुकट मिळतो. गावात न मिळणारी गोष्ट म्हणजे हे ऐकून घेणं. काय बोलले ते मी लिहिणार नाही, तिथलं तिथेच ठेवायचं असतं. दादाने परवानगी दिली म्हणून त्याच्यापुरतं सांगतो. बराच वेळ तो जमिनीकडे पाहत होता. एका माणसाने पगाराच्या दिवसाबद्दल काही सांगितलं तेव्हा त्याने मान वर केली. पुढल्या खेपेला तो उठला आणि म्हणाला, “मले सोडाची हाय, पण सुटत नाही.” एवढंच बोलून बसला. एवढं तो घरात कधी बोलला नव्हता.

तिथे जन्मभराची शपथ मागत नाहीत. आजचा दिवस, आणि पहिला घोट टाळायचा. मोह झाला की फोन करायला चिठ्ठीवर नंबर मिळतात. दादा मधे एकदा घसरला. परत गेला तर त्याला पहिल्यासारखाच चहा मिळाला. 2020 सालच्या कोक्रेन आढाव्यात दहा हजारांवर लोकांची माहिती तपासली आहे. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर मान्य उपचारांपेक्षा सरस किंवा निदान बरोबरीचा दिसला. मला त्याचं नवल वाटत नाही.

वहिनी घरच्यांसाठीच्या अल-अ‍ॅनॉन गटात जाऊ लागली. त्यानंतर तिने बाटल्या हुडकणं सोडलं, गुत्त्यावरून त्याला उचलून आणणं सोडलं. सासूला ते कठोर वाटलं. मला ती पहिल्यांदाच पोटभर झोपलेली दिसली.

आता अडचण एसटीची. परतीची गाडी सभेआधीच सुटते, मुक्कामाचा खर्च वेगळा, पेरणीत तर जमतच नाही. तिसरी परंपरा म्हणते, दारू सोडण्यासाठी दोन-तीन जण एकत्र आले तरी तो गट होतो. दादा आणि पलीकडच्या गावचा एक जण तालुक्याला खोली बघतायत. एका पुढाऱ्याने सभागृह फुकट देऊ केलं. त्यांनी नमस्कार करून नाही सांगितलं, कारण सातव्या परंपरेनुसार बाहेरची मदत चालत नाही. भाडं दोघं भरणार आहेत, सभेत फिरवलेल्या थैलीत जमेल त्यातून.