दोन आसनांची मोटार आणि अकरा माणसांचें घर

आमच्या घरांत आजमितीस लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. अशा घरांत माझ्या पुतण्यानें २०२२ च्या दिवाळींत दोनच आसनांची जुनी मोटार आणून उभी केली, तेव्हां मीं त्यास एवढेंच विचारलें, "अरे, उरलेल्या नवांनीं काय मागून धांवत यावयाचें?" तो हंसला, घरांतील बायकाही हंसल्या, परंतु माझा प्रश्न निव्वळ थट्टेचा नव्हता. पैसा त्याच्या स्वतःच्या पगारांतला होता हें खरें. तथापि एकत्र कुटुंबांत जागा, वेळ आणि काळजी यांची खातेफोड होत नसते, आणि जुनी मोटार नेमक्या याच तीन वस्तु मागते.

मोटारीची ओळख करून देणें भाग आहे, कारण पुष्कळ वाचकांनीं ती पाहिलीही नसेल. 'सॅन स्टॉर्म' या नांवाची ही गाडी गोव्यांत तयार होत असे व १९९८ च्या सुमारास प्रथम रस्त्यावर आली. दोन दारें, दोन आसनें, फायबरचें हलकें अंग, आणि आंत फ्रान्समधील रेनो कंपनीचें ११४९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन. केवळ हौसेनें हांकावयाची अशी मोटार बांधण्याचे प्रयत्न आपल्या देशांत फार थोडे झाले, आणि त्यांतील एक आपल्या शेजारच्या गोव्यांत झाला याचें मला पुढें कौतुकही वाटूं लागलें. आमची गाडी २००१ सालची. पूर्वींच्या मालकानें तिच्यावर कडक टप बसवून घेतलें होतें, म्हणूनच ती चंद्रपूरच्या उन्हांत वापरण्याजोगी आहे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यांत सांगतों. परराज्यांतील गाडी असल्यामुळें तेथील परिवहन कचेरीचें ना-हरकत पत्र, मग मालकी बदलण्याचे नमुने २९ व ३०, मग एथला कर आणि 'एमएच ३४' हा नवा क्रमांक. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणी नवी करावी लागते, आणि वीस वर्षांवरील मोटारीस त्यासाठीं २०२५ पासून दहा हजार रुपये शुल्क झालें आहे. जुन्या गाडीची किंमत विचारण्यापूर्वीं तिचा चासी क्रमांक कागदावरील क्रमांकाशीं स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून पाहावा, एवढें मात्र आवर्जून सुचवितों.

आतां मूळ प्रसंग. २०२३ च्या मे महिन्यांत आमच्या वहिनींना माहेरीं गडचिरोलीस जावयाचें होतें. अंतर सुमारें ऐंशी किलोमीटर. "आई, तुला मी माझ्या गाडींतून नेतों," असा पुतण्यानें हट्ट धरला. सकाळीं निघावयाचें तें निघतां निघतां दुपारचा एक वाजला. मूलच्या रस्त्यावर चिचपल्लीच्या जंगलांत शिरतात न शिरतात तों बॉनेटखालून वाफ उसळली आणि उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेवर गेला. पुतण्यानें तत्क्षणीं इंजिन बंद केलें, हें त्याचें शहाणपण. नाहींतर इंजिनाचें डोकें वांकडें होऊन सर्वच आटोपलें असतें. रेडिएटरची रबरी नळी उभी चिरली होती. बाहेर शेचाळीस अंश ऊन, दोहीं बाजूंस साग आणि बांबू, वन खात्याची वाघापासून सावध राहण्याची पाटी समोरच, आणि जवळ पाणी म्हणजे वहिनींच्या फिरकीच्या तांब्यांत होतें तेवढें. खालीं उतरून पाणी शोधावयास जाण्याची ती जागा नव्हे. सुमारें पाऊण तासानें आलेल्या एस. टी.नें वहिनींना मूलपर्यंत नेलें आणि पुतण्या संध्याकाळीं गाडी ओढून घरीं घेऊन आला.

मीं रागावण्याची तयारी करून ठेवली होती. परंतु दोन दिवसांनीं परत आल्यावर वहिनीच मला म्हणाल्या, "भावजी, गाडी बिघडली याचें मला कांहीं वाटलें नाहीं. पण ती नळी केव्हां घातलेली होती हें घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें, याची लाज वाटली. माझ्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धां तारीख असते."

या एका वाक्यानें माझा विरोध संपला आणि माझें काम सुरू झालें. हा दोष गाडी बांधणारांचा नव्हे. बावीस वर्षांचें रबर होतें तें. पूर्वींच्या मालकानें विकतांना मोठ्या अभिमानानें सांगितलें होतें कीं, गाडी फार थोडी चालली आहे. आम्हांला तें भूषण वाटलें. वस्तुतः रबर, तेल आणि पाणी हीं किलोमीटर मोजीत नाहींत, वर्षें मोजतात. उभ्या राहिलेल्या गाडीचेंही रबर उन्हानें वाळतें. मीं शाळेंत चाळीस वर्षें हजेरीपट ठेवले. त्याच धर्तीवर एक वही आंखली. प्रत्येक भागास एक पान. ज्याची तारीख सांपडत नाहीं तो भाग कधींच बदललेला नाहीं असें समजावयाचें, असा नियम केला.

पहिल्या दिवशीं वही जवळजवळ कोरीच राहिली!

मग जुन्या गोठ्यांत एकेक काम आरंभिलें. प्रथम पाण्याच्या सर्व नळ्या व त्यांच्या क्लिपा नव्या केल्या. गाडीच्या नांवानें सुटे भाग मिळणें कठीण, परंतु इंजिन रेनोचें असून त्या कंपनीच्या परदेशांतील लहान मोटारींत तेंच असल्यामुळें इंजिनाच्या क्रमांकावरून भाग मागवितां येतात, हा शोध पुतण्याचा. साध्या पाण्याऐवजीं निम्में कूलंट घातलें. बंद झांकणाखालीं दाब असतो म्हणून तें मिश्रण शंभर अंशांवरही उकळत नाहीं; नळी फुटली कीं दाब जातो आणि क्षणांत सर्व उकळतें, हें मीं साठीनंतर शिकलों. इंजिन तापलेलें असतां रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये.

सर्वांत मौजेचें काम ब्रेक ऑइलचें. हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. नवें असतांना साध्या प्रतीचें म्हणजे 'डॉट ३' ऑइल २०५ अंशांस उकळतें; पुरेशी ओल शिरली कीं तेंच १४० अंशांवर येतें, आणि तापलेल्या ब्रेकांत त्याची वाफ झाली कीं पाय नुसताच खालीं जातो. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें. या कामास दोन माणसें लागतात. आमची बारा वर्षांची नात चालकाच्या आसनावर बसे. चाकापाशीं पुतण्या "दाब" म्हणे. ती पाय दाबून "दाबलें" म्हणे. तो निपल सैल करून जुनें तेल नळीवाटे बाटलींत घेई, निपल आंवळी, आणि मगच "सोड" म्हणे. वर टांकींतील तेल संपूं न देण्याचें काम माझें. निघालेलें तेल काढ्यासारखें काळें होतें. संथा म्हणावी तसा तो प्रकार तासभर चालला, आणि दुसऱ्या दिवसापासून नात "माझे ब्रेक" असें म्हणूं लागली.

सर्वच गोष्टी घरीं कराव्या असें मात्र नाहीं. टायमिंग बेल्ट आम्हीं नागपूरच्या जाणत्या मिस्त्रीकडून बदलून घेतला. हा पट्टा तुटण्यापूर्वीं सूचना देत नाहीं, आणि पुष्कळ इंजिनांत तो तुटला कीं व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून मोडतात. चालो वा न चालो, पांचसहा वर्षांत तो बदलावाच. तसेंच, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीं शिरूं नये. लोखंडी स्टँड लावल्यावांचून मी पुतण्याला आंत जाऊं देत नाहीं.

अलीकडे एक नवी चिंता उद्भवली आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. जुन्या मोटारींच्या इंधननळ्या त्याकरितां केलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मग चिरतात. नळी फुटून पाणी गेलें तर खोळंबा होतो; पेट्रोल गळलें तर आग. तेव्हां त्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या. शिवाय इथेनॉल ओल ओढतें, म्हणून टांकींत महिनोगणती पेट्रोल सांचवून न ठेवतां दर आठवड्यास गाडी फिरवितों. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरांवर १४११ होतें. नक्षी शाबूत, पण बारा वर्षांचे म्हातारे! चारही बदलले, स्टेपनीही.

एथल्या हवेचा म्हणून कांहीं वेगळा आचार लागतो. आयुर्वेदांत ऋतुचर्या असते, तशी आमच्या वहींतही आहे. उन्हाळ्यापूर्वीं कूलंट, पंखा, बॅटरी. कोळशाच्या धुळीमुळें एअर फिल्टर सांगितल्यापेक्षां लवकर झाडावा लागतो, आणि अंगावरची राख कोरड्या फडक्यानें कधीं पुसूं नये, आधीं पाणी ओतावें. पावसाळ्यापूर्वीं वायपर आणि अर्थिंगच्या तारा. फायबरमधून वीज वाहत नसल्यामुळें या तारांची टोकें गंजलीं कीं दिवे मिणमिणूं लागतात. आणि पाऊस पडला कीं उंदीर. पहिल्या श्रावणांत त्यांनीं दिव्यांच्या तारा कुरतडल्या. औषधें झालीं, डांबराच्या गोळ्या झाल्या, उपयोग शून्य. मग ध्यानांत आलें कीं, तांदुळाचीं पोतीं आम्हीं त्याच गोठ्यांत ठेवीत होतों! पोतीं माजघरांत आलीं, उंदीरही गेले. कांहीं दिवस ते माजघरांत आले होते, हें वहिनींच्या समाधानार्थ नमूद करतों.

दोन आसनांचा प्रश्न आहे तसाच आहे. मात्र दर रविवारच्या फेरींत दुसरें आसन कोणाचें, हें वहीच्या शेवटच्या पानावर पाळीनें लिहिलेलें असतें, आणि ज्याची पाळी त्यानें आदल्या संध्याकाळीं तेल, पाणी व हवा तपासून सही करावयाची असते. सातवींतल्या मुलापासून माझ्यापर्यंत सर्वांच्या सह्या तेथें आहेत.

मागच्या अक्षय्य तृतीयेस वहिनी पुन्हा त्याच गाडींतून, त्याच रस्त्यानें माहेरीं गेल्या. निघण्यापूर्वीं त्यांनीं वही मागवून घेतली, चष्मा लावून नळ्यांचें पान वाचलें, तारीख बोटांवर मोजली. आणि तरीही या खेपेस फिरकीचे दोन तांबे बरोबर घेतले.