ऊब सरकते, माती सरकत नाही

पृथ्वी तापत आहे, तर उष्ण देशांचे नुकसान होवो. पण उत्तरेकडील हिमप्रदेशांचे तरी भले होईल, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. कॅनडा व सैबेरियातील अफाट भूमी उद्या गव्हाने डोलू लागेल, हे चित्र मोहक खरे. त्यात तथ्य किती, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

शीत प्रदेशांतील शेतीची खरी अडचण म्हणजे उन्हाळ्याचा तोकडेपणा. वसंतातील अखेरचे हिम आणि शरदातील पहिले हिम, यांच्या दरम्यान पीक हाती यावे लागते. कॅनडातील जुना ‘रेड फाइफ’ गहू उशिरा पिके आणि थंडीच्या तडाख्यात सापडे. तेव्हा ‘हार्ड रेड कलकत्ता’ या लवकर पिकणाऱ्या हिंदुस्थानी गव्हाशी त्याचा संकर करण्यात आला. त्यातून चार्ल्स साँडर्स यांनी निवडलेला ‘मार्क्विस’ गहू १९०९ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती आला. तो आठवडाभर आधी पिके. एवढ्याशा अवधीने तेथील प्रेअरी मैदानांचे भाग्य उजळले! आता तापमानवाढीमुळे असे दिवस आयतेच मिळू लागले आहेत.

मग अडते कोठे? मातीपाशी. प्रेअरीची काळी, कसदार माती गवताच्या मुळांनी हजारो वर्षांत घडविली. तिच्या उत्तरेस सूचिपर्णी अरण्ये आहेत आणि त्यांखालची माती बहुधा आम्ल व निकस आहे. कित्येक ठिकाणी तर हिमयुगातील हिमनद्यांनी ती खरवडून नेल्याने नुसता खडक उरला आहे. रशियाच्या निम्म्याहून अधिक भूमीखाली बारमाही गोठलेला थर आहे. तो वितळला की जमीन खचते, दलदल माजते.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. उत्तरेकडील या गोठलेल्या जमिनींत युगानुयुगांचे वनस्पतींचे अवशेष साठलेले आहेत. त्यांतील कार्बन वातावरणातील कार्बनाच्या जवळजवळ दुप्पट भरतो. या जमिनी उपसून नांगरल्या, तर त्यातील काही भाग हवेत मिसळेल आणि पृथ्वी अधिकच तापेल.

शिवाय, जी शेती आज आहे तिचे काय? २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेने व अवर्षणाने रशियाचे पीक करपले, आणि त्या देशाने धान्याची निर्यातच थांबविली. २०२१ च्या अवर्षणात कॅनडाचे गव्हाचे उत्पादन एक-तृतीयांशाहून अधिक घटले. मसुरीचे पीकही बुडाले. आपल्या देशात येणाऱ्या मसुरीचा मोठा वाटा तेथलाच; म्हणजे सस्कॅचेवानच्या शेतात पाऊस न पडल्याची झळ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचते.

उत्तरेला काही नवी शेते लाभतील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु एकाची सुपीक भूमी करपावी आणि दुसऱ्याला निकस भूमी लाभावी, या व्यवहाराला नफा कसा म्हणावा? आहे ती काळी आई सांभाळणे, हाच आम्हांला शहाणपणाचा मार्ग दिसतो.