दहापैकी दहा

गेल्या दिवाळीपासून आम्ही घर शोधतोय. सॅन फ्रान्सिस्को बेच्या पूर्वेकडच्या बाजूला, जिथे निम्मी सॉफ्टवेअर इंडस्ट्री राहते. घर बघायला गेलं की आमची एजंट आधी किचन दाखवत नाही, शाळा दाखवते. म्हणजे फोनवरचा आकडा दाखवते. झिलोवर प्रत्येक घराच्या खाली जवळच्या शाळांची नावं आणि त्यांच्यापुढे एका गोलात एक ते दहापैकी रेटिंग असतं, ग्रेटस्कूल्सचं. 'हायस्कूल टेन आहे,' असं ती म्हणाली की समजायचं, आता किंमत ऐकायला खुर्चीत बसलेलं बरं.

इथल्या पब्लिक हायस्कूलला फी नसते. नववी ते बारावी, आणि प्रवेश पत्त्यावरून. घर कुठल्या हद्दीत येतं त्यावर शाळा ठरते. आम्ही बघितलेली दोन घरं एकाच मोठ्या रस्त्याच्या दोन बाजूंना होती. साधारण तेवढ्याच खोल्या, तेवढंच जुनं छप्पर. अलीकडच्या बाजूचं हायस्कूल दहा, पलीकडचं सहा. किमतीतला फरक एवढा की त्यात पुण्यात एक चांगला फ्लॅट आला असता. फी नाही म्हणतात ती अशी भरावी लागते, तीस वर्षांच्या हप्त्यांनी.

आमची लेक आता सहावीत आहे. म्हणजे प्रश्न अजून दोन-तीन वर्षांनी खरा होणार, पण घर काही नववीत घेता येत नाही. बायकोचं मत पक्कं होतं, दहाच. माझंही तेच होतं. एका शनिवारी रात्री, उगाच, मी आकडे उघडून बसलो. सवय आहे ती. ऑफिसात कुणी एकच सरासरी दाखवली की मी आधी विचारतो, आत काय भरलंय?

कॅलिफोर्नियात तिसरी ते आठवी आणि अकरावीच्या मुलांची इंग्रजी आणि गणिताची सरकारी परीक्षा होते. निकाल चार पातळ्यांत लावतात आणि शाळावार ते कुणालाही बघता येतात. नुसते शाळावार नाहीत, तर गटवार. कुठल्या वंशाची मुलं, इंग्रजी अजून शिकत असलेली किती, गरीब घरातली किती. आणि ज्याच्यासाठी मी जागत बसलो तो गट, आई-वडिलांचं शिक्षण. हायस्कूल न झालेले, हायस्कूल झालेले, थोडं कॉलेज केलेले, पदवीधर, त्यापुढे शिकलेले.

'दहा'वाल्या शाळेत जवळजवळ सगळी मुलं शेवटच्या दोन गटांतली निघाली. 'सहा'वाल्या शाळेत पाचही गट भरलेले. तिथे मुलांच्या घरी हिंदी, तेलुगू, चिनी जशी बोलतात तशी स्पॅनिश, दारी आणि टागालोगही बोलतात. मग मी दोन्हीकडच्या फक्त पदवीधरांच्या मुलांचे निकाल शेजारी ठेवले. अंतर होतं. नव्हतं असं म्हणणार नाही. पण दहा आणि सहामध्ये वाटतं तेवढं अजिबात नव्हतं.

हे गणित समजायला सोपं आहे. समजा, दोन्ही शाळांत पदवीधरांची 80 टक्के मुलं पास होतात आणि बाकीच्यांची 40 टक्के. शिकवणं अगदी सारखं. पहिल्या शाळेत शंभरातली 90 मुलं पदवीधरांची, तर निकाल लागेल 76 टक्के. दुसरीत 40, तर निकाल 56. वीस टक्क्यांचा फरक, आणि त्यात मास्तरांचा दोष शून्य. ग्रेटस्कूल्सच्या रेटिंगमध्ये हल्ली मुलांची वर्षागणिक प्रगतीही धरतात, पण गुणांची सावली त्यावर असतेच.

आणखी एक गोष्ट दिसली. गटात मुलं फारच कमी असली तर ओळख फुटू नये म्हणून निकाल छापत नाहीत, तिथे चांदणी असते. 'दहा'वाल्या शाळेत काही गटांपुढे नुसत्या चांदण्याच होत्या. म्हणजे गरीब घरातलं मूल तिथे कसं शिकेल, हे त्या शाळेलाही दाखवायची वेळ क्वचितच आलेली.

आपली मुलं हुशार, असं आपण मंडळाच्या कार्यक्रमात एकमेकांना सांगतो. असतीलही. पण एच-वन-बी व्हिसा मुळात पदवी बघूनच मिळतो. आधी गाळून घेतलेले आई-बाप, मग त्यांची मुलं, आणि मग त्या मुलांचे गुण शाळेच्या नावावर. मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत शिकलो. बँक मॅनेजरचा मुलगा, मी आणि मार्केट यार्डातल्या हमालाचा मुलगा एका बाकावर बसायचो. त्या शाळेला कुणी रेटिंग दिलं असतं तर चार मिळाले असते, तेही उपकार म्हणून.

सकाळी उत्साहाने हे सगळं बायकोला दाखवलं. वर जेम्स कोलमनचंही सांगितलं. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार अमेरिकन सरकारने त्यांच्याकडून सुमारे सहा लाख मुलांची पाहणी करून घेतली. 1966 मध्ये अहवाल आला, तेव्हा इमारती, प्रयोगशाळा, खर्च यांच्यापेक्षा घरची परिस्थिती मुलांच्या गुणांशी जास्त बांधलेली निघाली. तिने शांतपणे ऐकलं. मग संध्याकाळपर्यंत स्वतः वाचून काढलं आणि जेवताना म्हणाली, "त्याच अहवालात सोबतची मुलं कशी आहेत याचाही परिणाम होतो असं लिहिलंय. ते नाही सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. मी म्हणालो, तो परिणाम घरून पाठबळ नसलेल्या मुलांवर जास्त दिसला होता, आपल्यासारख्यांच्या मुलांवर कमी. ती म्हणाली, "सरासरीने. आपल्याला एकच मुलगी आहे. तुझी थिअरी तिच्यावर तपासायची का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नीट नाही.

मग आम्ही दोघं 'सहा'वाल्या शाळेच्या माहितीच्या संध्याकाळी गेलो. एपी कॅल्क्युलस आहे, फिजिक्स आहे, वर्गांची संख्या मात्र कमी. म्हणजे वेळापत्रकात दोन विषय आपटले की एक सोडावा लागणार. हे नुकसान खरं आहे, बायकोने वहीत लिहून घेतलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी एक गोष्ट सांगितली ती आम्हाला दहा वर्षं इथे राहून माहीत नव्हती. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रत्येक शाळेतल्या वरच्या 9 टक्के मुलांना पात्र धरते. त्या शाळेतल्या, राज्यातल्या नव्हे. बर्कलीची हमी नाही, जिथे जागा असेल त्या कॅम्पसची. आणि एसएटी तर ते आता बघतच नाहीत. माझ्या एका मित्राचा मुलगा 'दहा'वाल्या शाळेत जवळपास सगळ्या विषयांत ए मिळवूनही या 9 टक्क्यांत बसला नाही. गणिताच्या सुट्टीतल्या क्लासचं गणित तिथे असं असतं की सगळेच टाचा उंचावून उभे, त्यामुळे कुणालाच जास्त दिसत नाही.

हे नवीनही नाही. 2005 मध्येच वॉल स्ट्रीट जर्नलने क्यूपर्टिनोच्या माँटा व्हिस्टा आणि शेजारच्या सॅन होजेतल्या लिनब्रुक या हायस्कूलांबद्दल लिहिलं होतं. निकाल उत्तम, तरी गोरी कुटुंबं बाहेर पडत होती, कारण अभ्यासाची चढाओढ त्यांना नकोशी झालेली. आपण ज्या हद्दीत शिरायला पैसे मोजतो, तिथून कुणी आपल्यामुळे निघून गेलं, हे वाचताना मला जरा चमत्कारिक वाटलं.

शेवटी आम्ही रस्त्यापलीकडच्या घरावर ऑफर टाकली. एजंटने दोनदा विचारलं, "शुअर?" बायकोची अट आहे, आठवी संपताना पुन्हा बसायचं, आकडे घेऊन नाही, लेकीला घेऊन. वाचलेल्या पैशातून तिच्या कॉलेजचं खातं उघडायचं, हीसुद्धा तिचीच अट.

परवा एका सत्यनारायणाला गेलो होतो. प्रसाद घेता घेता कुणीतरी विचारलं, "घर घेताय म्हणे, कुठली शाळा?" मी नाव सांगितलं. समोरचे गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अच्छा. बॅकयार्ड मोठं असेल मग."

बॅकयार्ड मोठं आहे. लिंबाचं झाडही आहे.