दाणा बारीक, हात हलका

बॉडी स्क्रबच्या डबीवरची किंमत पाहिली की घरातली साखर, बेसन आणि खोबरेल आठवणे साहजिक आहे. त्वचेवरचा सुटलेला मृत थर काढायला या वस्तू पुरेशा आहेत, यात शंका नाही. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. ‘घरचे म्हणजे निर्धोक’ असे मनाशी धरले की मग लिंबू, खाण्याचा सोडा, जाडे मीठ, दालचिनी, अक्रोडाची टरफले असे हाताला लागेल ते अंगावर येऊ लागते. पदार्थ डब्यातून आला की कारखान्यातून, हे त्वचेला कळत नाही. तिला कळते ते एवढेच: दाणा केवढा आहे, त्याला धार आहे का, तो पाण्यात विरतो का, त्याची आम्लता किती आणि चोळणारा हात किती जोर लावतो आहे. घरगुती स्क्रब याच कसोट्यांवर निवडावा.

बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा भाग मृत पेशींचा असतो. शरीराच्या बहुतेक भागावर या चपट्या पेशींचे साधारण 15 ते 20 थर असतात. तळाशी नवी पेशी तयार होते, वर सरकते आणि 4 ते 6 आठवड्यांत गळून पडते. वय वाढते तसा हा वेग मंदावतो. थंडीत आणि कोरड्या हवेत गळणे नीट होत नाही, म्हणून नडगीवर पांढरट कोंडा दिसतो आणि कोपर, गुडघे, टाचा खरखरीत लागतात. पण हा मृत थर निरुपयोगी नाही. छपरावरच्या कौलांसारखा तो आतला ओलावा टिकवतो आणि बाहेरच्या जंतूंना अडवतो. त्यातले सुटलेले तेवढे काढायचे, घट्ट बसलेले उपटायचे नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था स्क्रबने हलक्या हाताने, छोट्या गोलाकार हालचालींनी सुमारे 30 सेकंद चोळावे, कोमट पाण्याने धुवावे आणि नंतर मॉइश्चरायझर लावावे, असे सांगते. अर्धा तास घासत बसण्याची गरजच नसते.

या कसोटीवर साखर चांगली उतरते. खोलीच्या तापमानाला 100 मिलीलीटर पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, मीठ मात्र 36 ग्रॅमच. म्हणजे ओल्या अंगावर साखरेचे कोपरे भराभर बोथट होतात आणि चोळणे लांबले तर दाणाच संपतो. अतिरेकाला आळा घालणारी ही सोय मिठात कमी आहे, शिवाय बारीकशा खरचटीलाही ते झोंबते. कॉफीचा चोथा विरतच नाही. तो बारीक दळलेला असेल तर चालतो, पण मोरीच्या जाळीत साचतो. अक्रोडाची टरफले किंवा फळांच्या आठळ्या कुटल्या की त्यांचे तुकडे ओबडधोबड आणि टोकदार होतात. अशा भरडीच्या एका प्रसिद्ध स्क्रबने त्वचेला सूक्ष्म जखमा होतात, असा दावा 2016मध्ये कॅलिफोर्नियात न्यायालयात गेला होता. इजेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून 2018मध्ये तो फेटाळला गेला. तेव्हा टरफलांचा बागुलबुवा करायला नको. पण विरणारा, बोथट होणारा दाणा हाताशी असताना टोकदार दाण्याची निवड करण्यात शहाणपणही नाही. साधे प्रमाण असे: दोन भाग बारीक साखर, एक भाग खोबरेल किंवा तिळाचे तेल. साखर जाडी असेल तर मिक्सरमधून एकदाच फिरवावी. पिठीसाखर झाली तर ती अंगाला लागताच विरून जाईल. एका बाबतीत तर स्वयंपाकघर निर्विवाद सरस आहे. प्लास्टिकचे सूक्ष्म मणी सांडपाण्यातून नदी-समुद्रात जातात म्हणून अमेरिकेने 2015मध्ये धुऊन टाकायच्या प्रसाधनांतून ते हद्दपार करणारा कायदा केला. साखर-बेसनाला असा कायदा लागत नाही.

आपल्याकडचे उटणे हा या विचाराचा सर्वांत पक्का नमुना आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग (अंगाला तेल चोळणे) आणि उद्वर्तन (अंगाला पूड चोळणे) दोन्ही सांगितली आहेत, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे आजही क्रम तोच असतो: आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाणी. तेलाने वरचा थर मऊ होतो आणि घर्षण कमी होते. पिठातले स्टार्च आणि प्रथिने जादा तेल शोषून घेतात; हरभऱ्यासारख्या कडधान्यांत सॅपोनिन नावाची, सौम्य फेस आणणारी द्रव्ये असतात, त्यांनी उरलेले तेल पाण्याबरोबर निघायला मदत होते. भिजलेल्या पिठाचा कण मऊ असतो, त्यामुळे तो सहसा ओरखडत नाही. अंगावरून निघणाऱ्या काळपट वळ्या पाहून ‘केवढा मळ निघाला’ असे म्हटले जाते, पण त्यांत बराचसा भाग तेलात मळलेल्या पिठाचाच असतो. मसूर किंवा हरभरा डाळीच्या पिठात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा घालावा की नाही, हा सुगंधाचा आणि आवडीचा प्रश्न आहे. कृतीतली खरी महत्त्वाची सूचना शेवटची असते: सगळे वस्त्रगाळ करावे. दाणा बारीक हवा, हे उटणे करणाऱ्यांनी केव्हाच ओळखले होते.

घरचे म्हणजे निर्धोक नव्हे, असे म्हटले की एक आक्षेप नेहमी येतो. जे पोटात चालते ते अंगाला लावायला हरकत काय? हरकत आहे, कारण जठर आणि त्वचा यांची कामे निराळी आहेत. त्वचेचा सामू (pH) 5च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. लिंबाच्या रसाचा सामू 2च्या जवळ असतो, तर सोड्याचे पाणी 8च्या पुढे, उलट्या टोकाला. दोन्हींनी त्वचेचा समतोल बिघडतो. लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकुमारिन गटातली द्रव्येही असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. जपानमधले उदाहरण आणखी बोलके आहे. गव्हाचे प्रक्रिया केलेले प्रथिन घातलेला एक साबण वापरणाऱ्या 2,000हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. चपाती-पावातून निमूट पचणारे प्रथिन त्वचेच्या वाटेने शरीराला शत्रू वाटू लागले. ते प्रथिन प्रक्रिया केलेले होते, म्हणून घरच्या पिठाला घाबरण्याचे कारण नाही. पण ‘खाण्याचे आहे म्हणजे लावण्याचेही’ हा नियम मात्र टिकत नाही. नवे मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक-दोन दिवस वाट पाहणे, हा त्यावरचा सोपा उपाय. आंबट पदार्थांत दही हा अपवाद म्हणता येईल: त्यातले लॅक्टिक आम्ल मृत पेशींची पकड सैल करते आणि दह्यात ते इतके कमी असते की बहुतेकांना सोसते.

दुसरा आक्षेप जास्त घातक आहे, कारण तो आरशासमोर उभे राहून केला जातो. जोराने घासल्याशिवाय काळेपणा जायचा कसा? गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत नेमके उलटे घडते. दाह झाला की ही त्वचा जास्त रंगद्रव्य तयार करते. नायलॉनच्या घासणीने किंवा खरखरीत टॉवेलने वर्षानुवर्षे अंग घासणाऱ्यांच्या गळपट्टीच्या हाडांवर, पाठीवर, दंडांवर पडणारे काळपट पट्टे भारतात आणि जपानमध्ये डॉक्टरांना परिचित आहेत. मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा दिसत असेल तर तो मळ नव्हे. अनेकदा ते शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचे लक्षण असते, आणि तिथे बेसनापेक्षा रक्तातली साखर तपासणे उपयोगी. दंडांवरच्या काट्यासारख्या बारीक पुटकुळ्याही घासून जात नाहीत. युरिया किंवा लॅक्टिक आम्ल असलेल्या क्रीमने त्या मऊ होतात. स्क्रबने त्वचा गुळगुळीत होते, थोडी उजळ भासते, कारण सपाट पृष्ठभागावर प्रकाश नीट परततो. मूळ रंग बदलत नाही, आणि बदलावा असे वाटण्याचे कारणही नाही.

मग हे सगळे करायचेच कशाला, असेही कोणी विचारेल. निरोगी त्वचा आपले काम आपण करते, त्यामुळे स्क्रब न करणाऱ्याचे काही बिघडत नाही. ज्यांना खरखरीतपणा जाणवतो त्यांनी आठवड्यातून एकदा करावे. उन्हाने भाजलेल्या, नुकत्याच वॅक्स किंवा शेव्ह केलेल्या, कापलेल्या जागी करू नये. इसब, सोरायसिस असलेल्यांनी आणि पायांची जपणूक करावी लागणाऱ्या मधुमेहींनी डॉक्टरांना विचारावे. कोरडे उटणे घट्ट झाकणाच्या बरणीत काही महिने टिकते, पण त्यात पाणी किंवा दही पडले की जंतू आणि बुरशीला आमंत्रण मिळते. भिजवलेले त्याच वेळी संपवावे, उरलेले टाकून द्यावे. साखर-तेलाच्या डबीत ओला हात घालू नये, आणि अंघोळ झाल्यावर फरशीवरचे तेल साबणाने धुवावे. एवढे सांभाळले तर महागड्या डबीची गरज नाही. बारीक साखर किंवा वस्त्रगाळ पीठ, आधी तेल, अर्धा मिनिट हलका हात. लिंबू सरबतासाठी आणि सोडा भज्यांसाठी राहू द्यावा.