लहानसा बिट आणि कामाची खोटी

आमचा धंदा कापडाचा. पेचकस आणि ड्रिल मशीनशी आमचा संबंध येतो तो दुकानात फळी बसवताना किंवा शिलाई मशीनचा पेच आवळताना. तेव्हा सुतार, फिटर, मोबाईल दुरुस्त करणारे आणि पत्र्याचे काम करणारे कारीगर बंधू विचारतील की, बिट कसे ठेवावेत हे आम्हाला एका कापडवाल्याने का सांगावे? प्रश्न रास्त आहे. पण बटणे, हुक, सुया आणि रिळे असा बारीक माल शेकडो मापांत सांभाळणे हे आमचे रोजचेच काम आहे. हजार रुपयांचा ठाण दुकानात हरवत नाही, एक रुपयाचे बटण मात्र हरवते आणि गिऱ्हाईक त्याच बटणासाठी ताटकळते. बिटाचेही तसेच आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी सणाच्या तोंडावर आम्ही दुकानात नवे रॅक बसवायला घेतले होते. मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचा चौदा-पंधरा वर्षांचा नात्यातला मुलगा, असे दोघे आले होते. दुपारी मशीनवरचा बिट बदलायला काढला आणि ठेवलेला चांगला बिट गायब. त्या मापाचा दुसरा बिट होता तो पार झिजलेला. शुक्रवारची दुपार, हार्डवेअरची दुकाने बंद. मिस्त्री चिडले. मुलाचे खिसे उलटे करून पाहिले आणि चारचौघांत त्याला नको ते बोलले. मुलगा काही न बोलता घरी निघून गेला. संध्याकाळी आमचे टेलर मास्तर जमिनीवर सांडलेल्या सुया गोळा करायला बसले. त्यासाठी ते जुन्या स्पीकरचे लोहचुंबक वापरतात. ते उचलले, तर बिट त्याच्याच खालच्या बाजूला चिकटलेला! दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना त्या मुलाच्या घरी जाऊन त्याची समजूत काढावी लागली. आमचे रॅक दोन दिवस उशिरा लागले, तो तोटा भरून निघाला. मुलाच्या मनाला लागलेले मात्र लवकर भरून निघाले नाही. त्या दिवशी चूक मुलाची नव्हती, मिस्त्रींचीही पूर्ण नव्हती. बिटाला ठरलेली जागा नव्हती, एवढीच खरी चूक.

आमच्या भागात ही अडचण जास्त का?

बल्लारपूर म्हणजे सागवान, कागद, कोळसा आणि रेल्वे. वन विकास महामंडळाच्या इथल्या डेपोतले सागवान दूरदूर जाते आणि त्याच्या आधाराने आरा गिरण्या, फर्निचरवाले आणि सुतार यांची घरे चालतात. पण आपल्या कारीगरांचे काम गावातच असते असे नाही. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, अहेरी असे करत पार भामरागडपर्यंत माणसे शाळेची दारे, दवाखान्याची कपाटे, दुकानांची छते बसवायला जातात. शहरात बिट तुटला तर मुलगा सायकलवर जाऊन दुसरा आणतो. जंगलातल्या गावी बिट हरवला तर एस.टी.ची वाट पाहावी लागते, दोन माणसांची रोजी बुडते आणि ठेकेदाराचा शब्द खोटा पडतो. म्हणून बिट सांभाळणे ही आपल्याकडे हौस नाही, रोजीचा हिशेब आहे.

आधी ओळख, मग जागा

ज्याला मालाची ओळख नाही त्याने रॅक लावून उपयोग नाही. पूर्वी स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच असे आणि एका पेचकसावर काम भागे. पुढे कॅनडात रॉबर्टसन यांनी चौकोनी खाचेचा स्क्रू आणला. अमेरिकेत पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३६ च्या सुमारास चौफुलीच्या खाचेचे पेटंट घेतले. मोटार कारखान्यांनी तो स्क्रू उचलला आणि तो जगभर पसरला. त्यानंतर सहा पाकळ्यांचा टॉर्क्स आला. आज एका कारीगराला डझनभर तोंडे सांभाळावी लागतात, ती अशी.

चौफुलीत दोन जाती आहेत. साधी चौफुली म्हणजे पीएच. दुसरी पीझेड, तिच्या स्क्रूच्या डोक्यावर मोठ्या चौफुलीच्या मधोमध चार बारीक रेघा तिरप्या दिसतात. दोन्ही तोंडे एकसारखी वाटतात आणि एकमेकांत जातातही, पण पीझेडच्या स्क्रूवर पीएचचा बिट घसरतो. बिट आणि स्क्रू दोघांचेही नुकसान होते आणि कारीगर दोष देतो स्क्रूच्या कंपनीला. मापे एक, दोन आणि तीन. बारीक स्क्रूला एक, घरगुती लाकूडकामाच्या बहुतेक स्क्रूंना दोन, जाड स्क्रूला तीन. छताला जिप्सम बसवण्याचे काळे स्क्रू पीएच दोनचे असतात.

शेपटीचीही ओळख हवी. ड्रिल मशीनच्या बिटाची शेपटी सहा कोनी असते आणि समोरासमोरच्या दोन बाजूंतले अंतर पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. भरते. मोबाईल आणि घड्याळवाल्यांचे नाजूक बिट ४ मि.मी. शेपटीचे असतात. आयफोनच्या तळाला तर पाच पाकळ्यांचा वेगळाच पेच आहे. हे दोन कुटुंबांचे बिट एका डब्यात कधीही ठेवू नयेत. मोठ्या बिटांच्या धक्क्याने लहानांची तोंडे बोथट होतात.

सगळी मापे सारखी विकत घेऊ नका

शर्टाच्या धंद्यात आम्ही ४० नंबर जास्त ठेवतो आणि ४६ नंबर मोजकाच, कारण खप तसा आहे. बिटांतही असेच करावे. शंभर बिटांचा चकचकीत डबा स्वस्त दिसतो, पण त्यात रोज लागणारे पीएच दोन चार-पाच असतात आणि उरलेले वर्षात एकदाही हात लागत नाही असे. सुताराने रोजच्या मापाचे दहा-बारा चांगल्या पोलादाचे बिट सुटे घ्यावेत आणि क्वचित लागणारे एकेक ठेवावेत. बिट ही जन्माची ठेव नाही, सुईसारखी झिजणारी वस्तू आहे. बोथट सुई कापडाचा धागा ओढते, झिजलेला बिट स्क्रूचे डोके खातो. परीक्षा सोपी आहे. चुंबक न लावता बिटाच्या टोकावर स्क्रू बसवून आडवा धरावा. स्क्रू घट्ट राहिला तर बिट कामाचा. डुगडुगला किंवा पडला, तर नव्या स्क्रूवर पुन्हा पाहावे आणि तरीही तेच झाले तर बिट भंगारात टाकावा. मन धजत नाही म्हणून तो पुन्हा डब्यात टाकणारा कारीगर उद्याची खोटी आजच जमा करतो.

दुकानातली जागा: अत्तराच्या पेटीसारखी

अत्तरवाल्याची पेटी आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रत्येक शिशीला तिचे घर. एक शिशी उचलली की रिकामे घर लगेच डोळ्यात भरते. बिटांसाठी असेच करावे. सागवानाचा वाळलेला तुकडा आपल्याकडे कुठेही मिळतो. त्यात साडेसात मि.मी.ची भोके पाडावीत. इथे पुष्कळ जण चुकतात. शेपटी ६.३५ ची म्हणून साडेसहाचे भोक पाडतात आणि बिट आत जात नाही, कारण सहा कोनी वस्तूचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप जास्त, सुमारे ७.३ मि.मी. असते. भोकाची खोली १२ मि.मी. आणि दोन भोकांत १५ मि.मी. अंतर ठेवले तर एक इंची बिट बोटांनी सहज उचलता येतो. तोंड वर ठेवावे म्हणजे जात ओळखता येते. प्रत्येक रांगेपुढे पक्क्या रंगाने नाव लिहावे. मापाला रंग ठरवावा आणि नेलपॉलिशचा एक थेंब बिटाच्या शेपटीवर लावावा. दोन नंबर लाल ठरला तर दुकानात सगळीकडे लालच.

मोबाईल दुरुस्त करणाऱ्यांना लाकूड नको असेल, तर स्वयंपाकघरातला सात वाट्यांचा मसाल्याचा डबा उत्तम. एका वाटीत एक जात आणि उघडलेल्या फोनचे स्क्रू मात्र वेगळ्या झाकणात. चुंबक जपून वापरावे. त्याने सांडलेला माल गोळा होतो, पण बिटही चुंबक होऊन बसतो. मग त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि बिट स्क्रूत पूर्ण बसत नाही. गोळा करायला चुंबक, ठेवायला लाकूड, असा नेम ठेवावा.

कामावरची थैली: आमच्या धंद्यातली गोष्ट

बाहेरच्या कामावर लाकडी ठोकळा उलटतो आणि प्लास्टिकचा डबा ४५ अंशांच्या उन्हात गाडीवर राहिला की बिजागरीपाशी तुटतो. तिथे कापडाची गुंडाळी सर्वांत बरी. कोणताही टेलर ती अर्ध्या तासात शिवून देईल.

जाड डक किंवा जीन कापडाचा १२ इंच रुंद आणि ७ इंच उंच तुकडा घ्यावा. कडांच्या दुमडीसाठी अर्धा इंच जास्त धरावा. खालची बाजू दीड इंच वर दुमडली की खिशांची पट्टी झाली. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच सोडून उभ्या शिवणी माराव्यात. दहा कप्पे चार-चार सुताचे, म्हणजे अर्ध्या इंचाचे. त्यात पाव इंची शेपटी घट्ट बसते. उरलेले चार कप्पे एक-एक इंचाचे, ते चुंबकी होल्डर आणि लांब हत्यारांसाठी. दोन इंची बिट दीड इंचाच्या कप्प्यातून अर्धा इंच बाहेर दिसतो. एक इंची बिट मात्र आत बुडेल. म्हणून त्यासाठी ठेवलेल्या कप्प्यांत तळापासून पाऊण इंचावर एक आडवी शिवण घ्यावी, म्हणजे बिटाचे तोंड वर दिसते. वरचे अडीच इंच कापड बिटांवर पदरासारखे पाडावे, गुंडाळावे आणि नाडीने बांधावे. वेल्क्रो लावू नये, त्यात भुसा अडकतो. जाड कापडाला १६ किंवा १८ नंबरची सुई लागते.

कापड निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साधारण हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरते, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून पावसाळी कामाला पॉलिस्टरचे जाड कापड बरे. सुती घ्यायचेच तर आधी धुऊन खळ काढावी, कारण खळही ओल धरते. गंधकी काळ्या रंगाचे सुती कापड टाळावे. दमट हवेत काळ लोटला की त्या रंगातून आम्ल सुटते. ते कापडालाही खाते आणि पोलादालाही.

गंज आणि तेल

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत पाणीच असते. दर आठवड्याला बिट कोरड्या फडक्याने पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा. खोबरेल किंवा सरसूचे तेल लावू नये, ते चिकट होते आणि भुसा धरते. तेलाचा हात हलका असावा, थेंब गळता कामा नये, नाहीतर गिऱ्हाइकाच्या पॉलिशवर डाग पडतो. बुटांच्या आणि तयार कपड्यांच्या खोक्यांतून येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या फेकू नयेत. झाकणबंद डब्यात दोन पुड्या टाकल्या की गंज लांब राहतो. पुड्या मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नयेत.

शेवटची गोष्ट: मोजदाद

एवढे सगळे केले आणि मोजदाद केली नाही तर महिन्यात पूर्वीचेच हाल. दुकानाचा ठोकळा दुकानात राहावा, कामाची गुंडाळी कामावर जावी. एकातून काढून दुसऱ्यात भरण्याची सवय लागली की दोन्ही अर्धी होतात. काम संपले की भुसा झाडण्याआधी गुंडाळी उघडून कप्पे पाहावेत. चौदा कप्प्यांकडे पाहायला क्षण पुरतो. एक रिकामा दिसला तर बिट अजून त्याच खोलीत आहे. भुसा बाहेर गेल्यावर तो सापडत नाही.

आणि ही मोजदाद वडील कारीगराने स्वतः, मुलाला शेजारी बसवून करावी. मुलाला सलीका असाच येतो. वर सांगितलेला तो मुलगा आता स्वतः मिस्त्री आहे. मागे तो आमच्याकडे एका कपाटाच्या बिजागऱ्या बदलायला आला होता. काम झाल्यावर त्याने आपली गुंडाळी काउंटरवर उघडली, बोट फिरवत कप्पे मोजले आणि मगच हाताखालच्या पोराला झाडू घ्यायला सांगितले. पोराचे खिसे त्याने पाहिले नाहीत. पाहण्याची गरजच नव्हती.