स्पर्शरहित स्मार्ट कार्ड : निर्यात व बौद्धिक संपदेचे तंटे

वाचकयंत्रात न घालता, केवळ त्याच्याजवळ धरून भाडे वा किंमत चुकती करता येते अशा कार्डास स्पर्शरहित स्मार्ट कार्ड म्हणतात. त्यातील चिपला विद्युत्‌ घटाची गरज नसते, वाचकयंत्राच्या १३.५६ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या क्षेत्रातून तिला ऊर्जा मिळते व त्याच मार्गे संदेशांची देवघेव होते. अशी प्रणाली निर्यात होते तेव्हा कार्डांबरोबर वाचकयंत्रे, आज्ञावली व संकेतपद्धतीही परदेशी जातात. या घटकांवरील हक्क भिन्न प्रकारचे असल्याने तंट्यांचे स्वरूपही भिन्न असते.

पेटंट : पेटंटाचा हक्क प्रादेशिक असतो. स्वदेशातील पेटंट आयातदार देशात आपोआप लागू होत नाही. उलट तेथे दुसऱ्याचे पेटंट असल्यास आयात हाच हक्कभंग ठरू शकतो. १९९५ मध्ये अंमलात आलेल्या ट्रिप्स कराराने पेटंटधारकाच्या अनन्य हक्कांत आयातीचाही समावेश केला.

मानक : सोनी कंपनीच्या फेलिका पद्धतीवरील ऑक्टोपस कार्ड हाँगकाँगमध्ये १९९७ मध्ये सुरू झाले. तथापि आयएसओ/आयईसी १४४४३ या आंतरराष्ट्रीय मानकात ‘ए’ व ‘बी’ या दोनच प्रकारांना स्थान मिळाले. पूर्व जपान रेल्वेने फेलिकाची निवड केल्यावर मोटोरोला कंपनीने २००० मध्ये शासकीय खरेदीच्या नियमांखाली तक्रार केली. ती फेटाळण्यात आली. सिंगापूरने २००२ मध्ये स्वीकारलेली फेलिका कार्डे २००९ मध्ये बदलून सेपास या स्वतःच्या मानकाची कार्डे आणली.

व्यापारी गुपित : ऑस्ट्रियातील मिक्रॉन कंपनीची मायफेअर चिप पुढे फिलिप्सकडे व नंतर एनएक्सपी कंपनीकडे आली. लंडनच्या ऑयस्टर कार्डात (२००३) तीच वापरली होती. तिची क्रिप्टो-१ ही संकेतपद्धती गुप्त ठेवलेली होती. नेदर्लंड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिचे दोष उघडकीस आणल्यावर त्यांच्या निबंधाचे प्रकाशन थांबविण्यासाठी एनएक्सपीने दावा केला. आर्नहेम येथील न्यायालयाने १८ जुलै २००८ रोजी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे मनाई नाकारली. होणारी हानी प्रकाशनामुळे नव्हे, तर सदोष चिप बनवून विकल्यामुळे होईल, असे मत त्याने नोंदविले.

पेटंटासाठी शोध उघड करावा लागतो आणि त्या बदल्यात ठराविक मुदतीचे संरक्षण मिळते. गुपिताचे मूल्य मात्र ते फुटताच संपते. त्यानंतर लक्षावधी कार्डे बदलण्याचा भार बहुधा आयातदार शहरावर पडतो. म्हणून खरेदीच्या करारात हक्कांची मालकी, त्रयस्थाच्या दाव्यांची जबाबदारी व खुल्या मानकांचा वापर यांविषयी स्पष्ट तरतूद असणे आवश्यक ठरते.