सरोवराकाठचे बारमाही घर

कॅनडात टोरँटोच्या उत्तरेस मस्कोका हा सरोवरांचा प्रदेश आहे. तेथील काठावरचे घर विक्रीस निघाले की जाहिरातीत ‘बारमाही’ हा शब्द मिरवतो व त्यावरच किंमत चढते. मुलाबाळांच्या निमित्ताने तिकडे घर पाहणाऱ्या आपल्या बांधवांनी हा शब्द पारखून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

हिवाळ्यात तेथील जमीन चार फूट वा अधिकही गोठू शकते. सरोवरातून येणारी पाण्याची नळी त्याहून खोल पुरलेली अथवा विजेने उबदार ठेवलेली नसेल, तर भिंती कितीही जाड असोत, ते घर उन्हाळीच होय. रस्ता खासगी असल्यास बर्फ हटविण्याचा खर्च मालकांच्याच माथी येतो.

खरी मेख मात्र कागदपत्रांत. जुन्या मोजणीत अनेक सरोवरांच्या काठाने ६६ फुटांची पट्टी सार्वजनिक रस्त्यासाठी राखलेली आहे. ६६ फूट म्हणजे मोजणीची एक साखळी. आपला गुंठा तिच्या निम्म्या लांबीचा, ३३ फुटांचा चौरस! ही पट्टी पूर्वीच्या मालकाने नगरपालिकेकडून रीतसर विकत घेतलेली नसेल, तर पुढचा ओटा, क्वचित घरही, सार्वजनिक जमिनीवर उभे असते. सरोवराचा तळ तर बहुधा सरकारचाच.